बायकांच्या फायलींची राखण

लेंपी सारेलाला पुस्तक उघडावं लागत नसे. कुणी जिना उतरता उतरता विचारावं, गर्भनलिकेची जुनाट सूज? आणि हातातला कॉफीचा कप जराही न हलवता तिनं म्हणावं, सहाशे चौदा पॉइंट एक. नळ्या बंद म्हणून मूल होत नाही? सहाशे अठ्ठावीस पॉइंट दोन, पुढे? प्रॉम्प्टरकडे ढुंकूनही न बघता तीन अंकी नाटक पेलणाऱ्या नटाची जी ऐट असते, ती त्या तळघरात लेंपीची होती. एक दोन नाही, तेहतीस वर्षं.

तळघर म्हणजे इस्पितळाचं रेकॉर्ड खातं. वर डॉक्टर लोक तपासतात, कापतात, शिवतात आणि काय पाहिलं ते लिहून खाली सोडतात. खाली चार बायका ते ओळ न् ओळ वाचून प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला आकडा लावतात. या आकडे लावण्याला कोडिंग म्हणतात. तो आकडा विमा कंपनीकडे जातो, सरकारदरबारी जातो, आणि पेशंटच्या घरी जो कागद जातो त्यावर त्या आकड्यामागचं आजाराचं नाव छापून येतं. वरच्या मजल्यावरच्यांना हे काम कारकुनी वाटे. लेंपीला तसं कधीच वाटलं नाही.

त्यालाही कारण होतं. तिला लागून नऊ वर्षं झाली असताना एक बाई हातात तसाच कागद घेऊन खिडकीशी आली होती. अंगावर धड कोट नव्हता आणि बाहेर गुडघाभर बर्फ. तिनं एवढंच विचारलं, हे कुणी लिहिलं? डॉक्टरनं लिहिलं होतं, 'नळ्या सुजल्यासारख्या दिसतात.' कोडिंग करणाऱ्या बाईनं घाईत त्याचा जंतुसंसर्गातला दाह करून टाकला. नवऱ्यानं कागद वाचला, आणि जंतू आले कुठून, कुणाकडून, असं विचारत तिचं सामान पोर्चवर आणून ठेवलं. सात हजार वस्तीचं गाव, लपायला जागा कुठली? दोन वर्षांनी स्त्रीविभागाच्या फायली सांभाळणारी बाई निवृत्त झाली तेव्हा लेंपीनं त्या मागून घेतल्या. त्यांच्याबरोबर खिडकीजवळचं टेबलही आलं. खिडकी अर्धीच होती, जमिनीच्या पातळीवरची, आणि तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त बूट दिसत. बावीस वर्षं ते बूट बघत लेंपीनं गावच्या बायकांच्या पोटातली गुपितं राखली.

आणि मग २०१५ सालच्या ऑक्टोबरच्या एक तारखेला सगळ्या देशात जुनं पुस्तक बंद झालं आणि नवं आलं. सकाळी आठ वाजता लेंपीचे तोंडपाठ असलेले हजारो आकडे एका झटक्यात बाद झाले. नटाचं सगळं नाटक पाठ असावं, तिसरी घंटा व्हावी आणि मॅनेजरनं येऊन सांगावं की आज प्रयोग दुसऱ्याच नाटकाचा आहे! नव्या पुस्तकात अक्षरं होती, लांबच लांब शेपट्या होत्या, ताजी सूज निराळी, जुनाट निराळी, डावं निराळं, उजवं निराळं. गंमत अशी की गर्भनलिकेच्या सुजेला मात्र डावं-उजवं ठेवलंच नव्हतं. पहिल्या दिवशी लेंपी ते अर्धा तास शोधत बसली. पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "लेंपी, ते तिथे नाहीच. मीही काल खूप शोधलं."

हा आवाज जेनेल ट्रेगॉनिंगचा.

जेनेल अडतीस वर्षांची. अकरा वर्षं वर एक्स-रे खात्यात होती. एका अवजड पेशंटला उचलताना पाठ धरली ती सुटली नाही, म्हणून कोडिंगची परीक्षा देऊन उन्हाळ्यात खाली आली. गर्भनलिका बंद आहेत का हे बघायला बाईच्या पोटात रंगद्रव्य सोडून जो एक्स-रे काढतात, त्या टेबलाशी तिनं शेकडो बायकांचे हात धरले होते. रंग नळीतून पुढे सरकून पलीकडे सांडला तर नळी मोकळी, अडला तर बंद. हे लेंपीनं वाचलं होतं, जेनेलनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि नवं पुस्तक असं कपटी की त्याला पाठांतर नको होतं, शरीर माहीत असलेलं माणूस हवं होतं.

त्यातून ती ट्रेगॉनिंग. इथल्या तांब्याच्या खाणी बंद होऊन पन्नासेक वर्षं झाली, पण खाणीत कॅप्टन म्हणून हुकूम कोण सोडत होतं आणि दगडांचे गाडे कोण ढकलत होतं हे कुणी विसरलेलं नाही. कॉर्नवॉलच्या इंग्रजी खाणमुलखातून आलेले ट्रेगॉनिंग कॅप्टन होते. फिनलंडहून आलेले लेंपीचे आजोबा गाडा ढकलत. आता त्या कॅप्टनची पणती शेजारच्या टेबलावर बसून, अगदी गोड आवाजात, मीही काल खूप शोधलं म्हणत होती.

लेंपीच्या पोटात त्या दिवशी जी ठिणगी पडली ती पुढे विझली नाही. दर शुक्रवारी लेंपी वेलदोडा घातलेली निसू भाजून आणायची. तिची ती गोड पावाची वेणी दहा वाजेपर्यंत फस्त होत असे. एका शुक्रवारी जेनेलनं केशराचे बन आणले. दहा वाजता बन संपले होते आणि निसूचे चार तुकडे उरले होते. लेंपीनं ते मोजले. बाकीच्या दोघींच्या टेबलांवर पिवळ्या चिठ्ठ्या दिसायला लागल्या, त्यांवर जेनेलच्या हातच्या आकृत्या: हे गर्भाशय, ही नळी, हे नळीचं झालरीसारखं तोंड, इथे पाणी साचलं की नळी अशी फुगते. आकृत्या सुबक होत्या. हेच तर झोंबत होतं.

शनिवारी दुपारी सौनात वाफ घेताना नवऱ्याजवळ, रेइनोजवळ, तिनं सगळं ओकलं. रेइनो काउंटीचा बर्फ उपसणारा ट्रक चालवून निवृत्त झालेला, अबोल माणूस. बराच वेळ ऐकून तो म्हणाला, "म्हातारे, तू त्या पोरीबद्दल बोलायला लागलीस की मला तापल्या दगडांवर पाणी टाकावं लागत नाही. आपोआप वाफ निघते." लेंपी पुढचा तासभर त्याच्याशी बोलली नाही.

रेकॉर्ड खात्याचा प्रमुख गॉर्डन पेल्की भला माणूस होता, पण नव्या पुस्तकानं त्याची झोप उडवली होती. त्यानं जाहीर केलं की चार आठवडे बायकांच्या काही निवडक फायली लेंपी आणि जेनेल दोघीही करतील, एकीनं दुसरीचं बघायचं नाही, दर शुक्रवारी तो ताडून बघेल. जिच्या चुका कमी, तिच्याकडे पुढे स्त्रीविभाग. हे सांगताना त्याची नजर लेंपीकडे नव्हती. लेंपीनं त्याच्या आईबरोबर चर्चच्या गायनात वीस वर्षं काढली होती. तो नजर का चुकवतोय हे तिला लगेच कळलं. त्याचा कौल ठरला होता, फक्त पुरावा हवा होता.

मग मात्र बाई पेटली. साठी उलटलेली, तरी नवं पुस्तक घरी नेऊ लागली. स्वयंपाकघरातल्या कपाटांवर आकडे चिकटवले. साखरेचा खडा दातात धरून बशीतून कॉफी पिता पिता ती पुटपुटायची आणि रेइनो बिचारा प्लेट शोधायला कपाट उघडायचा तर समोर अंडाशयाचे विकार. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस दोघींच्या तीन-तीन चुका होत्या. म्हणजे ती मागे नव्हती! त्या दिवशी लेंपी जिन्यावरून गुणगुणत उतरली. चौथ्या आठवड्यात सगळं जुळत गेलं आणि एकच फाइल शिल्लक राहिली.

एकतीस वर्षांची बाई. सहा वर्षं ओटीपोटात दुखणं, दोन वर्षं मुलासाठी प्रयत्न. एक्स-रेत रंग दोन्ही नळ्यांत शिरून टोकाला अडलेला. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली डॉ. ऑस्ट्रँडरनी, उजवी नळी पाण्यानं फुगलेली म्हणून काढली आणि प्रयोगशाळेत पाठवली, डावीभोवती चिकटलेले पापुद्रे सोडवले. आणि इतकं करून माणसानं निदानाच्या जागी लिहिलं काय? 'गर्भनलिकांचा विकार.'

आता या कामाचा एक कडक नियम आहे. कोडिंग करणारीला वाचून कितीही कळलं तरी डॉक्टरनं जे लिहिलं नाही ते तिनं ठरवायचं नाही. तिनं डॉक्टरला लेखी विचारणा पाठवायची, आणि तीही अशी की उत्तर तिच्यात दडलेलं नसेल. अमुक दिसलं, तमुक केलं, तुमच्या मते हे काय आहे? बस्स. अमुकच आजार ना, हो की नाही, असं विचारणं म्हणजे डॉक्टरच्या तोंडात घास कोंबणं. गडबडीतला डॉक्टर हो म्हणून मोकळा होतो आणि बाईच्या कपाळी कारकुनानं ठरवलेला आजार कायमचा बसतो. 'डॉक्टरांच्या तोंडी आपले शब्द घालू नका' ही भिंतीवरची पाटी लेंपीनंच टाइप करून लावली होती, नव्याण्णव साली.

मंगळवारी तिनं विचारणा पाठवली, नियमाप्रमाणे, स्वच्छ. बुधवारी उत्तर नाही. शुक्रवारी फायली गॉर्डनकडे जायच्या होत्या. गुरुवारी सकाळी ती कॉफी घेऊन वळली तर डॉ. ऑस्ट्रँडर स्वतः तळघरात! बावीस वर्षांत हा माणूस कधी खाली आला नव्हता. जेनेलच्या टेबलाला टेकून उभा होता, तिच्या पिवळ्या चिठ्ठीवर काहीतरी काढत होता, आणि दोघं हसत होते.

लेंपी कप घेऊन तिथेच थबकली. आकृती काढून देतोय. तोंडी विचारून घेतलंन् हिनं. माझी विचारणा वर धूळ खातेय आणि हिच्यासाठी साहेब जिना उतरून येतात.

ती टेबलाशी बसली आणि तिनं दुसरी विचारणा लिहिली. एकाच ओळीची. 'निदान: गर्भनलिकांचा जुनाट दाह. हो / नाही.' पाठवण्याआधी ती क्षणभर थांबली. थांबली हे खरं. प्रयोगशाळेचा अहवाल यायचा होता हेही तिला ठाऊक होतं. पण पाण्यानं फुगलेली नळी, दुसरं काय असणार, असं तिनं स्वतःला सांगितलं. अकरा मिनिटांत उत्तर आलं. दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये, फोनवरून, डॉक्टरनी 'हो' दाबलं होतं. लेंपीनं कोड भरला आणि फाइल पुढे धाडली.

शुक्रवारी गॉर्डननं दोघींना बोलावून दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी उघडली. लेंपीची फाइल पूर्ण होती. जेनेलच्या फाइलवर एकच शेरा: 'थांबवली आहे. नळीचा अहवाल आलेला नाही, डॉक्टरांचं निदान स्पष्ट नाही.'

"पण डॉक्टरांचं उत्तर आलंय की," गॉर्डन पडद्यावर बोट ठेवत म्हणाला. त्यानं 'हो' पाहिलं, वरचा प्रश्न पाहिला नाही. जेनेलनं पाहिला. ती पुढे वाकली होती, चष्मा वर सारून. लेंपीला तिच्या मानेची शीर दिसत होती. आता ही तोंड उघडणार, लेंपीनं मनाशी म्हटलं आणि पायाचे अंगठे बुटात आवळले. जेनेल सरळ झाली. तिनं लेंपीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अभिनंदन, लेंपी."

चुका सारख्याच, पण शेवटची फाइल लेंपीनंच पुरी केली होती, म्हणून स्त्रीविभाग तिच्याकडेच राहिला.

बाहेर आल्यावर तिनं विचारलंच, काल डॉक्टर कशाला आले होते. जेनेलनं खिशातून पिवळी चिठ्ठी काढून दाखवली. हरणांच्या शिकारीचा मोसम दोन आठवड्यांवर आला होता. डॉक्टरांच्या जंगलातल्या झोपडीची शेगडी धूर मारत होती आणि जेनेलचा नवरा ती दुरुस्त करायला जाणार होता. चिठ्ठीवर झोपडीचा रस्ता होता. मोडकी गिरणी, ओढा, डावीकडचं तिसरं वळण.

शनिवार-रविवार लेंपीच्या तोंडाला चव नव्हती. रेइनोनं विजयाचा म्हणून बेकरीतून गाजर-सलगम भरलेली, करंजीसारखी मोठी पेस्टी आणली. तिनं कडा तेवढ्या खाल्ल्या.

सोमवारी अहवाल आला. नळीत जंतूंच्या दाहाची खूण नव्हती. एंडोमेट्रिओसिस होता, गर्भाशयाच्या आतलं अस्तर भलत्याच जागी, नळीत, रुजलेलं. खाली डॉ. ऑस्ट्रँडरनी तेच निदान पक्कं करून सही केली होती. कुणाकडून कुणाला लागणारा आजारच नव्हे तो. आणि लेंपीनं त्या बाईच्या नावावर जुनाट दाह चढवून ठेवला होता. बिनकोटाची ती बाई तेवीस-चोवीस वर्षांनी पुन्हा तिच्या डोळ्यांपुढे खिडकीशी येऊन उभी राहिली.

नशीब की फाइल अजून इमारतीबाहेर गेली नव्हती. चार दिवस ती थांबवून ठेवायची पद्धत होती. लेंपीनं कोड बदलला. नवा अहवाल आला की कोड बदलतातच, त्यात वावगं काही नाही, कुणी कारण विचारत नाही. बाईचा कागद स्वच्छ झाला. दोन मिनिटांचं काम. फाइल तिची, टेबल तिचं, खिडकी तिची. इथे पडदा पाडला असता तर प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी गेले असते.

पण समोर जेनेल बसलेली. मान खाली घालून न्यूमोनियाची का कसली फाइल वाचत होती. तिला माहीत होतं. आणि ती गप्प होती. दहा वाजता लेंपी तिच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"गॉर्डनला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं?"

"नाटक करू नकोस. माझी विचारणा वाचलीस तू."

जेनेलनं पेन खाली ठेवलं. "वाचली. म्हटलं, तेहतीस वर्षांत एकदा चुकलं असेल माणूस. असू दे."

असू दे! लेंपीला शिवी चालली असती. तक्रार तर हवीच होती, तिच्यावर भांडता आलं असतं. पण कॅप्टनच्या पणतीनं गाडेवाल्याच्या नातीला 'असू दे' म्हणून माफ करावं? आता दर वेळी खिडकीशी बसलं की मागून हे 'असू दे' पाठीला टोचणार. काम चांगलं, हात चांगला, आकृत्या चांगल्या, बन चांगले, आणि वर मनही चांगलं! देवानं एकाच बाईला किती द्यायचं?

"तू कोण मला असू दे म्हणणारी?" लेंपी म्हणाली, आणि थेट गॉर्डनच्या खोलीत गेली. गुरुवारची ती एका ओळीची विचारणा तिनं छापून त्याच्यापुढे ठेवली.

गॉर्डननं ती दोनदा वाचली. मग दार लोटून घेतलं. कोड तर आता बरोबर झालाय, त्यानं हळू आवाजात समजावलं, फाइल बाहेर गेलेली नाही, कुणाचं नुकसान नाही. "लेंपी, मी हे पाहिलंच नाही असं करता येईल. तुम्ही हा कागद घ्या आणि जा."

"तुला येईल रे. पण तिनं पाहिलंय."

"जेनेल कुणाला सांगणार नाही."

"तेच तर," लेंपी म्हणाली. "तेच मला नकोय. चूक लाव माझ्या नावावर. तिची तीन, माझी चार."

गॉर्डन खुर्चीत मागे टेकला. माणूस भला असला तरी नियमाचा होता, आणि मनातून त्याला तेच हवं होतं हे लेंपीला पुन्हा एकदा दिसलं. त्यानं नोंद केली.

बुधवारी टेबलांची अदलाबदल झाली. लेंपीकडे मोडकी हाडं आणि तातडीचा विभाग आला. बर्फावरून घसरलेले, झाडावरून पडलेले, कुऱ्हाडीनं बोट कापून घेतलेले. जेनेलनं खिडकीजवळ तिचा स्टेपलर मांडला, आणि लेंपीनं बघितलं न बघितलं केलं. दुपारी जेनेल हातात कागद घेऊन आली. स्त्रीविभागाची म्हणून ती पहिली विचारणा पाठवत होती, सूज ताजी की जुनाट हे डॉक्टरनी लिहिलेलं नव्हतं. "पाठवायच्या आधी एकदा बघता का? माझ्या विचारणांना अजून कुणी धड उत्तर देत नाही."

बघू नये असं लेंपीला फार वाटलं. तिनं कागद घेतला. अर्ध्या पानाची विचारणा होती. त्यात शरीररचनेचा आख्खा धडा होता. "डॉक्टरला शिकवायला निघालीस की विचारायला?" असं म्हणत तिनं हिरव्या पेननं आठ ओळी उडवल्या. ताप किती, दुखणं किती दिवसांचं, आत काय दिसलं, एवढं ठेवलं, आणि खाली एकच प्रश्न: तुमचं निदान कृपया पूर्ण लिहा. 'सुजलेली' हा शब्दसुद्धा तिनं काढला. "हा तुझा शब्द आहे, त्यांचा नाही. त्यांनी 'लाल' म्हटलंय. लालच लिही." जेनेलनं मान डोलावली आणि तसंच पाठवलं.

वीस मिनिटांत उत्तर आलं. जेनेलनं हाक मारली म्हणून लेंपी गेली, जात नव्हतीच खरं तर. डॉ. ऑस्ट्रँडरनी चार ओळी लिहिल्या होत्या. सूज ताजी, दोन्ही बाजूंची, कशावरून ती ताजी, आणि जुनी खूण कुठेही नाही. बावीस वर्षांत या माणसानं लेंपीला दीड ओळीच्या वर काही लिहिलं नव्हतं. तिनं ते जेनेलच्या खांद्यावरून दोनदा वाचलं, कुठे बोट ठेवायला जागा आहे का ते पाहिलं. नव्हती.

"तुमच्यामुळे," जेनेल म्हणाली.

लेंपी आपल्या जागेवर परतली, मनगट मोडलेल्या एका म्हाताऱ्याची फाइल उघडली आणि हाडांच्या डॉक्टरनं काय काय लिहायचं टाळलंय ते शोधायला लागली. बरंच टाळलं होतं. तिनं बाह्या सारल्या, साखरेचा खडा दाताखाली ठेवला आणि त्याला विचारणा लिहायला घेतली, अगदी बेतानं, एकेक शब्द निवडून. जेनेलला चार ओळी आल्या होत्या. लेंपीला पाच हव्या होत्या.